अंगणातला ताणा-बाणा: घराण्याच्या आठवणीची मांडणी उघड्यावर कशी टिकवावी?

आडवा_धागा
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी.

जागा सोलापूर, अक्कलकोट रोडच्या बाजूला. घरापुढचं अंगण ३० बाय ४० फूट, पूर्वेला मोकळं, खाली काळी माती. ऐवज असा: हातमागाचे लाकडी धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे) ११, फण्या (विणलेला धागा ठोकून बसवणाऱ्या) २, कांड्यांची (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्यांची) एक गोणी, जकार्डच्या (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राच्या) भोकांच्या कार्डांची दोरीत ओवलेली एक माळ. शिवाय चार पिढ्यांची लिहिलेली वंशावळ, आणि तिच्यात फक्त पुरुषांची नावं.

कल्पना: मागासारखी उभी चौकट, ८ फूट रुंद, ७ फूट उंच, जमिनीपासून २ फूट वर. उभे ६० धागे. त्यांतून आडवं विणकाम, खालून वर एकेका पिढीचा पट्टा. मध्ये मध्ये धोटे अडकवलेले, जणू विणता विणता कोणी जेवायला उठलंय.

विचारायचं हे: खऱ्या वस्तू बाहेर ठेवाव्यात की नकला कराव्यात? उभा धागा कशाचा घ्यावा? काळ्या मातीत पाया कसा धरावा? नावं कुठे आणि कशी लिहावीत?

नातेवाइकांचं मत असं की चौघांच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स करून लावावा. ते मत नोंदवून बाजूला ठेवलेलं आहे.

टवाळ_बे
फ्लेक्स लावलात तर रस्त्यावरून जाणारे पणजोबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतील बे.

मुरूम_लागेपर्यंत
पायाचं पाहू, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहणार.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात काँक्रीट ओतून खांब उभा केला तर दोन पावसाळ्यांत चौकट तिरकी झालेली दिसेल. माती किती फुगणारी आहे ते घरीच पाहता येतं. माती वाळवून कुटा, बारीक चाळणीने चाळा. १०० मिलीच्या दोन मोजनळ्या घ्या, दोन्हींत १०-१० मिली माती. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० आणि पाण्यात १५-१६ भरली तर फुगवटा ५०-६० टक्के, म्हणजे प्रकरण गंभीर.

उपाय साधा आहे. मुरूम लागेपर्यंत खणा. सोलापुरात कित्येक ठिकाणी चार-पाच फुटांवर लागतो, ओढ्याकाठी नाही लागत. ४५ सेंमी व्यासाचे, १.२ मीटर खोल दोन खड्डे धरले तर एकेकात ०.१९ घनमीटर काँक्रीट बसतं, दोन्ही मिळून ०.३८. एम-२० मिश्रणाला (१ : १.५ : ३) सिमेंटच्या तीन गोण्या पुरतात. खांबाच्या कडेने वरचे दोन फूट माती परत भरू नका, वाळू किंवा मुरूम भरा. नाहीतर फुगणारी माती काँक्रीटला कडेने धरून वर उचलते. दोन खांबांना जोडणारी पट्टी घालणार असाल तर ती मातीवर टेकवू नका, खाली ८ सेंमी पोकळी ठेवा.

पाच-सहा फुटांवरही मुरूम नसेल तर या धाग्यावर विसंबू नका, स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

फॅब्रिकेटर_अण्णा
मुरूमसाहेबांशी सहमत. पण पाईप थेट काँक्रीटमध्ये पुरू नका, ही चूक दहातले नऊ जण करतात. जमीन आणि हवा जिथे भेटतात तिथेच पाईप कुजतो, आणि आतून कुजत असल्याने पडेपर्यंत दिसत नाही. काँक्रीट जमिनीच्या १५ सेंमी वर आणा, माथ्याला चारी बाजूंनी उतार द्या. त्यावर २०० बाय २०० बाय १२ मिमीची प्लेट, १६ मिमीचे चार जे-बोल्ट. प्लेटखाली ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा भराव.

आता खरी गोची. ६० उभे धागे म्हणालात, त्या तारा धरू. प्रत्येकीला निदान १० किलो ताण नसेल तर ती ढिली दिसते. ६० गुणिले १०, म्हणजे ६०० किलो वरच्या आडव्या पाईपला खाली ओढणार आणि खालच्याला वर. ८ फुटांच्या गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, ५० मिमी चौरसाचा ३ मिमी जाडीचा पाईप घातला तर मध्यभागी अडीच सेंमीच्या आसपास झोळ येतो. झोळ आला की मधल्या तारा ढिल्या आणि कडेच्या टाइट. लोक मग मधल्या आवळतात, झोळ आणखी वाढतो. ८० बाय ८० बाय ४ घ्या, झोळ अर्ध्या सेंमीवर येतो. मीटरला साडेनऊ किलोच्या आतबाहेर वजन, चौकटीला साधारण १० मीटर लागेल, म्हणजे ९५ किलो धरून चाला.

गंज: रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट हे गेटला ठीक. इथे ६० भोकं आहेत आणि प्रत्येक भोकाच्या काठाला रंग पहिल्यांदा सुटणार. हॉट डिप गॅल्वनायझिंग करून घ्या. पण टाकी साडेचारशे अंशांच्या जस्ताची असते. बंद पाईपमध्ये हवा किंवा ओल अडकली तर टाकीत स्फोट होतो, शब्दशः. म्हणून प्रत्येक पाईपच्या दोन्ही टोकांना, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत १२ मिमीची भोकं ठेवायची. आणि सगळी भोकं, सगळं वेल्डिंग गॅल्वनायझिंगच्या आधी. नंतर ड्रिल मारलं की तिथलं जस्त गेलं. भोकात जस्त साचून ते बारीक होतं, म्हणून ६ मिमीच्या आय-बोल्टला ८ मिमीचं भोक धरा. टाकीत आपली चौकट मावते का ते आधी विचारा, नाहीतर चार तुकड्यांत करून बोल्टने जोडा. खरं तर तुकडेच बरे, टेम्पोतही मावतात.

आडवा_धागा
अण्णा, ५० चौरसाचे पाईप परवाच आणून ठेवलेत :(

फॅब्रिकेटर_अण्णा
पार्किंगचं शेड करा त्यांचं. किंवा मधे एक उभा खांब घाला. गाळा निम्मा झाला की तेवढ्याच दाटीच्या तारांना झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. पण मग चौकट मागासारखी न दिसता खिडकीसारखी दिसेल. तुमचं तुम्ही बघा.

जतनवाली
लाकडी धोटे बाहेर ठेवू नका. कलेबिलेचा मुद्दा नंतर, आधी लाकडाचा बघू. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, लगेच पावसाळी ओल. धोट्याचं लाकूड घट्ट असलं तरी टोकाला लोखंड ठोकलेलं आहे. लाकूड हलतं, लोखंड हलत नाही, म्हणून टोपणाजवळ उभी चीर जाते. चिरेत पाणी, पाण्याने लोखंडाला गंज, गंज फुगून चीर आणखी उघडी. वर जवसाचं तेल चोपडा असं कोणीतरी सांगेलच. उघड्यावर त्याच्यावर काळी बुरशी येते आणि सोलापूरची धूळ चिकटते ती वेगळी. फण्यांच्या पात्या तर एका पावसाळ्यात तांबूस होतील. जकार्डची कार्डं म्हणजे जाड पुठ्ठा, त्यांचा विषयच सोडा.

नक्कल ॲल्युमिनियमची ओतून घ्या. मूळ धोटा थेट वाळूत दाबू देऊ नका, ओली वाळू आणि ठोकणी दोन्ही वाईट. आधी सिलिकॉनचा साचा, त्यातून प्लास्टरची किंवा रेझिनची प्रत, आणि ओतारी ती वापरेल. ॲल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्का आकसतं, ४० सेंमीचा धोटा अर्ध्या सेंमीने आखूड येईल. कांडी बसते ती पोकळी साधायला वेगळा कोअर (आतला गाभा) लागतो, ते आधीच सांगा, नाहीतर भरीव ठोकळा हातात येईल. मूळ अकराही घरात, कापडी पिशवीत, जमिनीपासून वर. वाळवी हा सोलापुरात पहिला शत्रू.

धोटेबहाद्दर
जतनवालींशी असहमत. नकला करून आठवण होत नाही, शोरूम होतं. धोट्याला हाताच्या तेलाने आलेली जी काळपट तकाकी असते ती ॲल्युमिनियमला कुठून येणार? वस्तू झिजली तर झिजू दे, मागावर काय कमी झिजली?

जतनवाली
धोटेबहाद्दर, मागावरचं झिजणं वापराने होतं. अंगणातलं सडणं म्हणजे दुर्लक्ष. पण तुमच्यासाठी मधला मार्ग आहे: अकरांतला एक, ज्याला आधीच चीर आहे तो, बाहेर ठेवा. त्याच्यावर चौकटीच्या वर पुढे आलेली पन्हाळ, म्हणजे छोटा छज्जा, करा, निदान ४५ सेंमी. दरवर्षी त्याचा एक फोटो काढा. बाकीचे दहा मात्र मला वाचवू द्या.

धोटेबहाद्दर
मंजूर. चीर पडलेला माझा.

टवाळ_बे
पन्हाळीवर कावळे बसणार. पितृपक्षात घास ठेवायची सोय आपोआप झाली, वेगळा खर्च नाही.

कोरीव
नावांबद्दल. तीन-चार साहित्यांचे गुणदोष सांगतो.

शहाबादी फरशी स्वस्त आणि हाताशी, पण तिचे पापुद्रे सुटतात आणि पहिल्यांदा अक्षरांच्या काठाने सुटतात. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या जातीचे. गवंडी काम संपल्यावर ॲसिडने धुतो, त्यात अक्षरांची धार गेलीच म्हणून समजा. काळा पाषाण आपल्याच मातीतला, टिकाऊ, पण बारीक अक्षर त्यात नीट धरत नाही आणि छिन्नीने देवनागरी कोरणारा पाथरवट शोधावा लागतो. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर सँडब्लास्टिंग सोपं, पण त्यात भरलेला सोनेरी रंग उन्हाने दोन-तीन वर्षांत निघतो. रंग भरूच नका. कोरलेला भाग नुसता राखाडी राहिला तरी वाचता येतो, आणि पाऊस पडून दगड भिजला की थोडा वेळ वाचता येत नाही, तेही छानच.

अक्षराची उंची: दोन मीटरवरून वाचायचं असेल तर मूळ अक्षर निदान २० मिमी, वेलांट्या-मात्रा सोडून. देवनागरीत जोडाक्षरांच्या पोटात जागा कमी असते. ‘क्ष्मी’ किंवा ‘द्म’ १२ मिमीत कोरा आणि धूळ बसल्यावर वाचून दाखवा.

पितळी पाट्यांबद्दल एक सूचना: बाहेर पितळ तपकिरी होणारच. लॅकर मारलं तर ते ठिपक्याठिपक्यांनी सुटतं आणि पाटी नागीण झाल्यासारखी दिसते. नुसतं ठेवा. जर्मनीत गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलेले ‘श्टोल्परश्टाइन’ असेच आहेत. १० सेंमीचा काँक्रीटचा ठोकळा, वर पितळेची पाटी, ज्या घरातून नाझींनी माणसं नेली त्या घरासमोरच्या फुटपाथमध्ये बसवलेली. लोक अधूनमधून गुडघ्यावर बसून त्या घासतात. घासणं हा त्या कामाचाच भाग झालाय.

फॅब्रिकेटर_अण्णा
इथे पितळ लावलं तर भंगारवाला गुडघ्यावर बसेल. पाटी स्क्रूने नको, मागून रिव्हेट. आणि एक रसायनाची गोष्ट: तांबं-पितळ जस्ताच्या वर लावू नका. त्यावरून ओघळणारं पाणी खालचं गॅल्वनायझिंग खातं. पितळ कायम खाली, जस्त वर. स्टेनलेसची तार जस्ताला टेकली तर तेवढा धोका नाही, तार बारीक आणि चौकट मोठी आहे. पण भोकात नायलॉनचं बुश घाला, नाहीतर तार जस्त घासून काढते.

वीरगळप्रेमी
अवांतर वाटेल, पण उघड्यावरची पूर्वजांची आठवण आपल्याकडे नवी नाही. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, ही तीच. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे तो बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. गोष्ट खालून वर वाचायची. तुमची पट्ट्यांची रचनाही खालून वर आहे, हे जाणून केलंय का?

आणि ज्यांना सुचेल त्यांच्यासाठी आधीच: गावच्या देवळाशेजारची जुनी वीरगळ उचलून अंगणात आणू नये. जागेवरून हलली की तिची अर्धी माहिती गेली. ऑइल पेंटही फासू नये.

वंशावळ अपुरी असेल तर हेळवी येतात का ते पाहा. सोलापूर आणि उत्तर कर्नाटकाच्या पट्ट्यात कित्येक घराण्यांच्या वंशावळी त्यांच्याकडे आहेत, तोंडी आणि वह्यांत. पद्मशाली (तेलुगू विणकर समाजाचं) घर असेल तर तेलंगणातल्या कूनपुलींची परंपरा शोधा. ते चेरियालची चित्रपट्टी उलगडत मार्कंडेयाची आणि कुळाची कथा सांगतात. लांबलचक कापड, आडव्या पट्ट्यांत चित्रं. तुमच्या चौकटीचा सख्खा पूर्वज म्हणा.

आडवा_धागा
खालून वर विणलं जातं म्हणून खालून वर ठेवलं होतं. वीरगळीचं लक्षात नव्हतं. कूनपुलींचं फारच उपयोगी.

उन्हाचा_माणूस
एक सुचवणी. जकार्डची कार्डं बाहेर टिकणार नाहीत, पण त्यांची नक्कल पत्र्यात करून भोकांतून ऊन खाली पाडता येईल.

मात्र इथे सगळे फसतात, म्हणून आकडे देतो. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड एक मीटर अंतरामागे साधारण एक सेंमी पुसट होते. सर्वपित्री अमावस्येच्या सुमाराला सकाळी नऊला सोलापुरात सूर्य ३८ अंशांवर असतो. अडीच मीटर उंचीवरच्या भोकातून निघालेला किरण जमिनीवर यायला चार मीटर जातो. म्हणजे कड चार सेंमी पुसट. पंचकार्डचं पाच-सहा मिमीचं भोक तिथे चौकोनी-गोल काहीच दिसणार नाही, प्रत्येकाची फिकट गोल सूर्यबिंबं होतील आणि एकमेकांत मिसळतील. अक्षर पाडायचं तर पत्रा खाली आणा. ६० सेंमी उंचीवर किरण एक मीटरचा, कड एक सेंमी, मग तीन सेंमी जाडीचा फराटा वाचता येतो.

दुसरं: पत्र्याचं तोंड पूर्वेला. तुमचं अंगण पूर्वेला मोकळं आहे, नशीब. दक्षिणेला तोंड केलंत तर उन्हाळ्यात काहीच मिळणार नाही. मेच्या १०-१२ तारखेला दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य सोलापूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या पत्र्याची सावली शून्य.

टवाळ_बे
मेमध्ये साडेबाराला सोलापुरात अंगणात कोण उभं राहतंय सावली बघायला? सावलीच माणसाला शोधत येते.

भांड्यावरचं_नाव
सगळं वाचलं. मूळ पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांनी ओलांडलंय: ‘तिच्यात फक्त पुरुषांची नावं’. हेळव्यांच्या वहीतही बहुतेक तेच मिळेल.

बायकांची नावं घरातच आहेत, माळ्यावर. पितळी घागर, तांब्या, परात, डबा काढा आणि काठाजवळ पाहा. ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं. चि. सौ. कां. अमुक हिस तमुककडून, लग्नाची तारीख. कधी माहेरचं नाव, कधी गाव. खणानारळाबरोबर आलेल्या वाटीवरसुद्धा असतं. घराण्याचा हा दुसरा दप्तरखाना आहे आणि त्यात बायकाच बायका.

ते उतरवायचं असं. भांडं चिंच-मिठाने घासू नका, ठिपके उथळ होतात. साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. बटर पेपर गच्च चिकटवा, मऊ शिसाची (६बी) पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. ठिपके पांढरे उमटतात. जिथे भांडं फार गोल आहे तिथे पेपर चुरगळतो, तिथे फोटो: खोलीत अंधार, टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून एका बाजूने. प्रत्येक ठिपक्याला सावली पडते आणि वाचता येत नव्हतं ते वाचता येतं. ‘कां.’ वरचा अनुस्वार आणि चुकून पडलेला ठोका यांत फरक करायला दोन बाजूंनी फोटो घ्या.

आणि आता कोरीव यांच्यासाठी मजेची गोष्ट. पत्र्यातून देवनागरी अक्षर आरपार कापलं तर शिरोरेघेने किंवा उभ्या दांडीने बंद झालेली पोटं गळून पडतात. ‘प’चं पोट गेलं, ‘व’चं गेलं, ‘ब’चं गेलं. मग पूल ठेवावे लागतात आणि अक्षर बँडेज बांधल्यासारखं दिसतं. ठिपक्यांच्या अक्षराला पुलाची गरजच नाही. भांडी कोरणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय.

कोरीव
काय सुंदर! वाकून नमस्कार. लेझर कटिंगला देताना एवढं पाहा: भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको, आणि दोन भोकांच्या मध्ये निदान तेवढंच अंतर. ३ मिमी पत्र्याला ४ मिमीचा ठिपका, मध्ये ४ मिमी धातू. भांड्यावरचा ठिपका मिलिमीटरच्या आत असतो, म्हणजे पाच-सहापट मोठं करावं लागेल. नाव दीड इंचाचं असेल तर पाटी आठ-नऊ इंच. डीएक्सएफ फाइल (कटिंग यंत्राला द्यायचा आराखडा) करताना ठिपके सरळ रेषेत ‘सुधारू’ नका. कोरणाऱ्याचा हात जिथे हलला तिथे हललेलाच राहू दे.

उन्हाचा_माणूस
४ मिमीचे ठिपके सावलीत पुसणार, वर सांगितलं तेच. पण सकाळी पूर्वेचं ऊन मागून असताना पश्चिमेकडून पाटीकडेच पाहिलं तर नाव उजेडाचं दिसेल. सावलीचा नाद सोडा, पाटी डोळ्यांच्या उंचीला आणा.

आडवा_धागा
दोन तासांत माळा खाली केला. नऊ भांडी, सात वेगवेगळी नावं, त्यांतली चार वंशावळीत ‘पत्नी’ एवढीच होती. भांड्यावरचं_नाव, ताई, तुमचे आभार कसे मानू.

म्हणजे आता उभ्या ताण्याला वंशावळीतली नावं आणि आडव्या बाण्यात भांड्यांवरची?

धोटेबहाद्दर
बायका बाहेरून येतात म्हणून आडवा धागा, असं होईल ते. जरा गोड आहे.

भांड्यावरचं_नाव
गोड आहे, पण विणकामात खोटं नाही. फक्त ताण्याला एक क्रम आणि बाण्याला दुसरा, असा भेद करू नका. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर (१९८२) माया लिनने नावं अकारविल्हे लावली नाहीत, माणसं गेली त्या क्रमाने लावली. शेजारी शेजारी गेलेले शेजारी शेजारी राहिले. तुमच्याकडे भांड्यांवर लग्नाच्या तारखा आहेत. त्याच क्रमाने लावा. नवरा-बायको एका ओळीत, दोघं त्याच दिवशी वंशावळीत आल्यासारखे.

सूतपुतळी
धाग्याचा प्रश्न कोणी घेतलाच नाही, धागा असून. (विनोद अनावधानाने.)

उभ्याला सुती सूत विसरा, एका उन्हाळ्यात ताणाखाली तुटतं. नायलॉन उन्हाने पिवळं पडून ठिसूळ होतं आणि पावसात भिजून सैल पडतं. पॉलिस्टर दोरी बरी, पण ताणाखाली हळूहळू लांबत जाते, दर दोन महिन्यांनी आवळायला लागेल. स्टेनलेसची २ मिमी वायररोप (७ बाय ७ विणीची) घ्या. समुद्र लांब, त्यामुळे ३०४ चालते. ६० तारांना सव्वादोन मीटरप्रमाणे १३५ मीटर, कापण्यातली नासाडी धरून १५० चं बंडल. चार सेंमीवर एक तार लावली तर ८ फुटांत बरोबर ६० बसतात. खाली ६ मिमीचा आय-बोल्ट, त्याला नट, म्हणजे एकेक आवळता येते. आवळताना मधून कडेकडे, एकदम पूर्ण नाही: पहिल्या फेरीत ३ किलो, दुसरीत ६, तिसरीत १०. मासे तोलायचा हुकाचा काटा असतो त्याने मोजा. तार हाताने छेडून आवाज सारखा आला तरी चालेल.

आडव्याला मात्र सुतीच घ्या. जुन्या साड्या, धोतरं, चादरी यांच्या दोन इंची पट्ट्या. वर्षभरात विटतील, सुटतील, लाल सगळ्यात आधी जाईल. चिहारू शिओता या जपानी कलाकारिणीचं लाल सुतात हजारो किल्ल्या अडकवलेलं काम (व्हेनिस, २०१५) आठवत असेल तर लक्षात घ्या, ते छताखाली होतं आणि काही महिन्यांचं होतं. उघड्यावर रंग टिकवायच्या मागे लागू नका. दरवर्षी एक दिवस ठरवा, पट्ट्या काढा, घरातल्या सगळ्यांनी बसून नव्या विणा. नारळी पौर्णिमा घ्या, मार्कंडेयाचा रथ निघतो, तसेही पाहुणे आलेले असतात.

जतनवाली
+१. धोटेबहाद्दर यांचा मुद्दा इथे खरा ठरतो. झिजायचंय ते मुद्दाम झिजणारं करा, उरायचंय ते उरणारं. घोळ होतो तो दोन्ही एकाच सामानाकडून मागितल्याने.

मुरूम_लागेपर्यंत
साडीच्या पट्ट्या म्हटल्यावर वारा पुन्हा मोजायला हवा. सेकंदाला ३९ मीटर वेग धरला तर दाब चौरस मीटरला ९३ किलो. चौकट ५ चौरस मीटर. पूर्ण झाकली तर पावणेपाचशे किलोचा धक्का, फ्लेक्स लावला असता तर हाच आकडा. पाव भाग विणला, बाकी उघडं ठेवलं, तर थोडं वाढवून दीडशे धरा. तेवढ्याला वर सांगितलेले दोन पाये पुरतात. म्हणून प्रत्येक पिढीचा पट्टा १२-१३ सेंमीचाच ठेवा आणि मध्ये भरपूर आकाश सोडा. वळवाच्या आधी, मेमध्ये, पट्ट्या निम्म्या काढून टाकल्या तरी चालतील.

आणि मुलं लोंबकळणार हे गृहीत धरा. खालचा पाईप २ फुटांवर म्हणजे आयतं पाऊल ठेवायचं ठिकाण.

टवाळ_बे
मुलं कशाला, पाहुण्यांतले काकाच पहिले चढतील फोटोला. क्यूआर कोड पण लावा, स्कॅन केलं की शेंगाचटणीची रेसिपी.

कोरीव
क्यूआर नकोच. ज्या संकेतस्थळावर तो नेतो ते पाच-दहा वर्षांत बंद पडलं की पाटीवर काळा-पांढरा ठोकळा उरतो. ठिपक्यांचं नाव शंभर वर्षांनीही वाचता येईल.

आडवा_धागा
ठरलं ते असं: ८० चा पाईप, तुकड्यांत, गॅल्वनाइज्ड. स्टेनलेसच्या ६० तारा. चार अरुंद सुती पट्टे, दर नारळी पौर्णिमेला नवे. दहा धोटे घरात, त्यांच्या नकलांपैकी चारच बाहेर, चिरेचा एक खरा पन्हाळीखाली. नावं ठिपक्यांची, स्टेनलेसच्या पत्र्यात, लग्नाच्या क्रमाने, चौकटीच्या डाव्या खांबावर. काही राहिलं?

फॅब्रिकेटर_अण्णा
पाट्यांच्या बोल्टांची भोकं. गॅल्वनायझिंगच्या आधी मारायची आहेत, नंतर नाही, हे मी तिसऱ्यांदा सांगतोय. आत्ता किती जोड्या आहेत?

आडवा_धागा
नऊ.

फॅब्रिकेटर_अण्णा
आणि पुढच्या? नंतर कोणाचं लग्न झालं की तुम्ही ड्रिल घेऊन येणार आणि माझं जस्त जाळणार. रिकामी भोकं आत्ताच मारून ठेवू, रबराची बुचं लावू. आकडा सांगा, उद्या सकाळी मार्किंग आहे.

आडवा_धागा
थांबा अण्णा, घरात दोघं लग्नाची आहेत. जेवताना विचारून सांगतो.

टवाळ_बे
आकडा इथेच टाका बे, आम्हालाही कळू दे.